जाहीर झालेली लष्करी मदत तोफेपर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: युक्रेनला अमुक इतक्या अब्ज डॉलरची मदत मंजूर झाल्याची बातमी येते, आणि काही आठवड्यांनी तिथले सैनिक तोफगोळे मोजूनमापून वापरत असल्याचेच ऐकू येते, मग मधल्या काळात तो माल असतो कुठे, तो थेट विमानाने का नेत नाहीत, आणि त्यातला बराचसा वाटेतच गायब होतो ही शंका कितपत खरी? दारूगोळ्याची साठवण आणि वाहतूक हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी उत्तर त्या बाजूने देणार आहे. राजकारण मालाच्या वाटेत जिथे आडवे येते, तेवढ्यापुरताच त्याचा उल्लेख करीन.

पैशाचा आकडा ही या विषयातली सर्वांत कमी उपयोगाची माहिती आहे. त्याआधी विचारायला हवे ते हे, की माल निघणार कुठून. अमेरिकेच्या मदतीचे दोन मुख्य मार्ग होते आणि बातम्यांत ते सर्रास एकत्र मिसळले जात. पहिला मार्ग म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात लष्कराच्या साठ्यातून माल काढून देणे. १९६१ च्या परदेशी मदत कायद्यात ही तरतूद आहे. तिची वार्षिक मर्यादा एरवी १० कोटी डॉलर असते, ती २०२२ च्या आर्थिक वर्षापुरती ११ अब्जांपर्यंत वाढवण्यात आली. हा माल गोदामात तयार असतो, त्यामुळे तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत हलू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे खास युक्रेनसाठीचा खरेदी निधी. त्यात पैसे मंजूर होतात, मग करार होतो, मग कारखान्याच्या रांगेत नंबर लागतो, आणि वस्तू हातात यायला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात. बातमीत मात्र दोन्हींसाठी एकच वाक्य असते: ‘मदत जाहीर’.

अब्राम्स रणगाड्यांचे उदाहरण पाहा. जानेवारी २०२३ मध्ये ३१ रणगाडे जाहीर झाले ते दुसऱ्या मार्गाने, म्हणजे नव्याने घ्यायचे म्हणून. त्यात फार वेळ जाईल हे उघड होते, म्हणून मार्चमध्ये निर्णय फिरवून जुने रणगाडे दुरुस्त करून द्यायचे ठरले, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये पहिले रणगाडे युक्रेनमध्ये उतरले. निर्णय बदलूनसुद्धा आठ महिने गेले, कारण रणगाडा म्हणजे केवळ रणगाडा नसतो. त्याच्यासोबत चालक दल, यांत्रिक, खेचून नेणारे वाहन, सुटे भाग आणि योग्य इंधनाची सोय लागते, आणि यातले एक जरी राहिले तरी साठ टनांहून जड असलेले ते धूड जागेवर उभे राहते.

आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगून तो विषय संपवतो. साठ्यातून दिलेल्या जुन्या मालाची किंमत कशी लावायची? आज तीच वस्तू नवी घ्यायला लागेल त्या दराने, की हिशेबाच्या वहीत घसारा वजा जाता उरलेल्या किमतीने? अमेरिकी संरक्षण खात्याने काही वस्तूंना पहिला दर लावला होता, तो चुकीचा असल्याचे लक्षात आल्यावर जून २०२३ मध्ये ६.२ अब्ज डॉलर ‘परत सापडले’. त्या दिवशी जगातल्या एकाही गोदामात एकही गोळा वाढला नव्हता, पण कागदोपत्री तेवढ्या रकमेची मदत आणखी देता येणार होती. तेव्हापासून कोणी मला मदतीचा एकूण आकडा ऐकवला की मी आधी विचारतो, कोणत्या दराने?

आता प्रत्यक्ष वाट. युक्रेनचे आकाश नागरी वाहतुकीला २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. समुद्रमार्ग नकाशावर सोपा दिसतो, परंतु क्षेपणास्त्रांच्या टप्प्यातल्या ओडेसा बंदरात दारूगोळ्याने भरलेले जहाज उभे करायला कोणताही शहाणा बंदर अधिकारी तयार होणार नाही. राहतो तो जमिनीचा मार्ग, आणि तोही सगळ्या शेजाऱ्यांमधून नाही. हंगेरीने आपल्या हद्दीतून थेट युक्रेनमध्ये शस्त्रे जाऊ द्यायला सुरुवातीलाच नकार दिला. त्यामुळे मुख्य भार पोलंडवर, आणि त्याखालोखाल रुमेनिया व स्लोव्हाकियावर पडला. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातला झेशुफचा विमानतळ, जो युद्धापूर्वी एक लहानसा प्रादेशिक विमानतळ होता, तो सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत असल्यामुळे साऱ्या मदतीचे केंद्र बनला. मार्च २०२३ मध्ये पोलंडने हेरगिरीच्या संशयावरून एक टोळी पकडली. या भागातल्या रेल्वेमार्गांलगत छुपे कॅमेरे लावून गाड्यांची ये-जा टिपणे हे तिचे काम होते. कुठला माल कधी हलतो हे कळणे शत्रूला किती मोलाचे वाटते, ते यावरून ध्यानात यावे.

विमानाने का नाही, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. १५५ मिलिमीटरचा तोफगोळा सुमारे ४५ किलोंचा असतो. अमेरिकी पद्धतीत उचलायला सोयीच्या लाकडी बैठकीवर आठ गोळे उभे ठेवून एक पॅलेट बांधतात आणि तिचे वजन ३६० किलोंच्या आसपास भरते. सी-१७ हे मोठे मालवाहू विमान जास्तीत जास्त ७७ टन उचलते, म्हणजे फार तर सतराशे गोळे, तेही त्यांना उडवणारी दारू न धरता. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेन दिवसाला सहा-सात हजार गोळे डागत असल्याचे सांगितले जात होते. नुसत्या गोळ्यांचेच वजन रोज पावणेतीनशे टन झाले. दारू, फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) आणि वेष्टन धरले तर माझ्या हिशेबाने ते चारशेच्या घरात जाते. हजार-बाराशे टनांची एक मालगाडी दर तीन दिवसांनी, आणि तीही केवळ एका प्रकारच्या गोळ्यांसाठी! विमाने या गरजेला पुरी पडत नाहीत. ती वापरायची ती क्षेपणास्त्रे, इलेक्ट्रॉनिक भाग, रात्री पाहण्याच्या दुर्बिणी अशा हलक्या, महाग आणि तातडीच्या मालासाठी. १९७३ च्या युद्धात अमेरिकेने इस्राएलला महिनाभरात सुमारे २२ हजार टन माल विमानांनी पोहोचवला, त्याचे दाखले आजही दिले जातात. पण ते युद्ध तीन आठवड्यांत संपले, आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी तळ वापरू न दिल्यामुळे ती सगळी विमाने पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर उतरून पुढे गेली होती, हे सांगायचे राहून जाते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या तोफखान्याच्या युद्धाला तो नमुना लागू पडत नाही.

म्हणून जड माल जहाजाने येतो. अमेरिकेतला गोळा ओक्लाहोमातल्या मॅकालेस्टरसारख्या दारूगोळा केंद्रातून निघून रेल्वेने नॉर्थ कॅरोलायनातल्या सनी पॉइंट बंदरावर येतो. हे बंदर मुद्दाम वस्तीपासून दूर, भोवती मोकळी जमीन राखून बांधलेले आहे, कारण स्फोटक माल साध्या बंदरात इतर जहाजांच्या शेजारी चढवता-उतरवता येत नाही. युरोपातही तशी परवानगी असलेली बंदरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. उत्तर जर्मनीतले नॉर्डेनहाम हे त्यांतले एक. एका जागी किती स्फोटक ठेवता येईल, दोन ढिगांत किती अंतर हवे, कोणत्या प्रकारचा माल कोणासोबत ठेवायचा नाही, याचे नियम असतात आणि ते अपघातांत गेलेल्या जिवांच्या मोबदल्यात लिहिले गेले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा सरकारी दिरंगाईचा भाग वाटतो. तसा तो मुळीच नाही.

जर्मनीतून पोलंडपर्यंत रेल्वे नीट येते, आणि पोलंड-युक्रेन सीमेवर रूळ बदलतात. युरोपातल्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, युक्रेनची १५२०. म्हणजे सीमेवर एकतर डब्यांची चाके बदला, नाहीतर सगळा माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवा, नाहीतर ट्रक वापरा. पोलंडमध्ये ह्रुबिएशुफपासून स्वावकुफपर्यंत सुमारे चारशे किलोमीटरचा एक रुंद मार्ग सोव्हिएत काळापासून आहे, त्याचा उपयोग होतो, पण तो एकच आणि एकपदरी. माझ्या मते साऱ्या साखळीतला खरा अरुंद गळा हा मालबदल आहे. पलीकडे मालाचा ढीग साचू देता येत नाही. १३ मार्च २०२२ रोजी रशियाने सीमेपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या याव्होरिव्ह लष्करी केंद्रावर क्षेपणास्त्रे डागली, त्यानंतर तर पश्चिम युक्रेनही सुरक्षित धरता येईना. तेव्हा आलेला माल लगेच लहान लहान वाटणीत पांगवायचा आणि अलीकडच्या बाजूला मात्र तो रांगेत थांबवायचा, अशी कसरत सतत चालते.

हा गोळा जरा जवळून पाहू या, कारण वेळ का जातो याचे उत्तर बरेचसे त्याच्यातच आहे. पॅलेटवरच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज नसतो; तिथे उचलण्यासाठी कडी असलेले बूच बसवलेले असते. बुडाजवळच्या तांब्याच्या पट्ट्याला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यावर कडे चढवलेले असते. फ्यूज वेगळ्या पेटीत, प्रक्षेपक दारू वेगळ्या नळकांड्यांत, ती दारू पेटवणारे प्रायमर आणखी वेगळे, आणि चारही वस्तू बहुधा चार निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या. तोफेपाशी चारही पोहोचल्या तरच एक गोळा मोजायचा. गोळे दहा हजार आणि प्रक्षेपक दारू सहा हजारांपुरतीच आली, तर पोहोचलेली मदत सहा हजारांची.

त्यातही प्रत्येक वस्तूवर लॉट नंबर, म्हणजे ती कारखान्यातल्या कोणत्या खेपेत बनली त्याचा क्रमांक, छापलेला असतो आणि तो शोभेसाठी नसतो. एका लॉटची दारू दुसऱ्यापेक्षा किंचित जोरात जळते. वीस किलोमीटरच्या माऱ्यात तेवढ्याने गोळा ठरल्या जागेपासून बराच दूर पडू शकतो. म्हणून तोफखान्यात एका माऱ्यासाठी एकाच लॉटचा माल वापरण्याचा आग्रह असतो. आता कल्पना करा की एकाच तोफदलाकडे पाच देशांतून, वीस लॉटचे, वेगवेगळ्या दशकांत बनलेले गोळे आले आहेत आणि प्रत्येकाचे मारा-कोष्टक (किती अंतरासाठी नळी किती उचलायची याचा तक्ता) वेगळे आहे. नाटो देशांत १५५ मिलिमीटर हे माप एक असले, तरी प्रत्येक देशाचा गोळा प्रत्येक देशाच्या तोफेत तपासून प्रमाणित केलेला असतोच असे नाही. संगणकीकृत तोफेच्या प्रणालीत त्या गोळ्याची माहिती भरलेली नसेल तर हाताने हिशेब करावा लागतो.

मालातली ही विविधता मला पैशाच्या टंचाईइतकीच मोठी अडचण वाटते. युक्रेनला मिळालेल्या १५५ मिलिमीटरच्या तोफाच पाहा: अमेरिकेची एम-७७७ आणि एम-१०९, जर्मनीची पीझेडएच-२०००, फ्रान्सची सीझर, पोलंडची क्राब, स्वीडनची आर्चर, ब्रिटनची एएस-९०, स्लोव्हाकियाची झुझाना. प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळे, वंगणसुद्धा वेगळे. रणगाड्यांत तर यापुढची गंमत आहे. लेपर्ड-२ आणि अब्राम्स यांची १२० मिलिमीटरची नळी आतून गुळगुळीत. ब्रिटनच्या चॅलेंजर-२ ची तेवढ्याच मापाची नळी आतून आटेदार, त्यामुळे तिचा दारूगोळा पूर्ण वेगळा. त्यात जुन्या लेपर्ड-१ ला १०५ मिलिमीटरचा आणि सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यांना १२५ मिलिमीटरचा. चॅलेंजर जेमतेम १४ मिळाले, पण त्यांच्यासाठी पुरवठ्याची स्वतंत्र ओळ कारखान्यापासून आघाडीपर्यंत चालवावी लागली. देणाऱ्या देशाच्या संसदेत चौदा रणगाड्यांची घोषणा छान वाटते. पुरवठा अधिकाऱ्याला विचारले असते तर त्याने तेवढ्याच किमतीचे ट्रक आणि क्रेन मागितल्या असत्या.

तोफेची नळी झिजते, हेही घोषणा करणारे विसरतात. एम-७७७ ची नळी पूर्ण ताकदीच्या माऱ्यात साधारण अडीच हजार गोळ्यांनंतर बदलावी लागते, आणि अमेरिकेत अशा नळ्या न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्लिएट या एकाच जुन्या आयुधशाळेत घडवल्या जातात. २०२२ च्या अखेरीस दिलेल्या पाश्चात्त्य तोफांपैकी सुमारे एक तृतीयांश तोफा कोणत्याही वेळी दुरुस्तीसाठी बाहेर असतात, असे अधिकारीच सांगत होते. सुरुवातीला त्या पोलंड किंवा लिथुएनियापर्यंत परत न्याव्या लागत, म्हणजे पुन्हा तोच रूळबदल, या वेळी उलट्या दिशेने. यावर एक उपाय फार चांगला निघाला: पोलंडमध्ये बसलेले अमेरिकी तंत्रज्ञ व्हिडिओवरून आघाडीजवळच्या युक्रेनी यांत्रिकांना पाना कुठे लावायचा ते सांगू लागले, दुभाष्याच्या मदतीने आणि एकेका यंत्रासाठी वेगळ्या गटात. लष्करात ‘मुळाबरहुकूमच दुरुस्ती’ ही शिस्त किती पक्की असते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच या बदलाचे अप्रूप कळेल.

या सगळ्याचा ताळमेळ जर्मनीतल्या वीसबाडेनमधून बसवला जातो. मागणी युक्रेनकडून येते, कोणाकडे काय शिल्लक आहे ते देश सांगतात, आणि कोणता माल कोणत्या गाडीने कधी निघेल हे तिथे ठरते. एप्रिल २०२२ मध्ये रामश्टाइन तळावर सुरू झालेल्या सुमारे पन्नास देशांच्या गटाच्या बैठका बातम्यांत झळकत, परंतु माल हलवणारी माणसे वीसबाडेनची. जुलै २०२४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ही जबाबदारी अमेरिकेकडून नाटोच्या चौकटीत आणण्याचे ठरले. देशाचे सरकार बदलले तरी गाड्यांचे वेळापत्रक बदलू नये, हा त्यामागचा हेतू. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आठवडाभर मदत थांबवली तेव्हा त्या निर्णयाची उपयुक्तता पटली.

परंतु वाट कितीही सुधारली तरी गोळा मुळात बनलेला असावा लागतो. युद्धापूर्वी अमेरिका १५५ मिलिमीटरचे महिन्याला सुमारे १४ हजार गोळे बनवत होती, म्हणजे वर सांगितलेल्या वेगाने युक्रेनला दोन-अडीच दिवस पुरतील एवढे. लक्ष्य महिन्याला एक लाखाचे ठेवले गेले. पोलादी कवच पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये घडते आणि त्यात स्फोटक भरले जाते आयोवात. कवचाचा कारखाना वाढवणे तुलनेने सोपे, स्फोटकाचे काय? टीएनटीचे उत्पादन अमेरिकेने १९८० च्या दशकात बंद केले होते, आणि नवा कारखाना केंटकीमध्ये उभारण्याचा करार व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये बारा महिन्यांत दहा लाख गोळे द्यायचे वचन दिले; मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. कारखानदारांची तक्रार रास्त होती: दहा वर्षांची लेखी मागणी नसताना नवी भट्टी कोण उभारणार? चेक प्रजासत्ताकाने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्युनिकच्या परिषदेत अध्यक्ष पेत्र पावेल यांनी सांगितले की युरोपाबाहेरच्या देशांत आठ लाख गोळे विकत मिळू शकतात, फक्त पैसे द्या. विकणाऱ्यांची नावे गुप्त ठेवण्याची हमी हाच त्या व्यवहाराचा पाया होता. नव्या कारखान्यांच्या भाषणांपेक्षा त्या वर्षी आघाडीला जास्त उपयोग या जुन्या धाटणीच्या दलालीचा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या वीस किलोमीटरचे स्वरूप गेल्या दोन वर्षांत पार पालटले आहे. पूर्वी ट्रक तोफेच्या जवळपास जात. आता लहान ड्रोन रस्त्यावर टपून असल्यामुळे मोठी गाडी मागेच थांबते, आणि माल रात्री, थोडा थोडा, साध्या मोटारींतून किंवा चाकांच्या यंत्रमानवांवरून जातो. ड्रोन अडवण्यासाठी रस्त्यांवर मैलोन् मैल जाळ्या ताणलेल्या असतात. हजारो किलोमीटर टनांत आलेला माल इथे किलोंत मोजला जातो.

आता गळतीबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला आणि ‘एक अब्ज डॉलरच्या शस्त्रांचा पत्ता नाही’ असे मथळे झाले. अहवालात होते ते वेगळे. खांद्यावरून डागायची जॅव्हेलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रे, रात्रीच्या दुर्बिणी अशा विशेष देखरेखीच्या १.७ अब्ज डॉलरच्या वस्तूंपैकी सुमारे एक अब्जाच्या वस्तूंची क्रमांकनिहाय मोजणी मुदतीत झाली नव्हती. शस्त्रे दुसऱ्यांच्या हाती गेली का, हे तपासणे त्या अहवालाच्या कक्षेतच नव्हते. खंदकातल्या सैनिकाच्या खांद्यावरच्या क्षेपणास्त्राचा क्रमांक वाचायला दूतावासातले मूठभर कर्मचारी जाऊ शकत नाहीत, म्हणून पुढे युक्रेनी सैनिकांनाच स्कॅनर देऊन नोंदी करायला सांगितले गेले. गैरव्यवहार अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. युक्रेनच्या स्वतःच्या संरक्षण खात्यात खरेदीचे घोटाळे उघड झाले आहेत आणि मंत्री बदलले आहेत. परंतु ते करारांच्या दरांतले आणि आगाऊ रकमांमधले. ४५ किलोचा तोफगोळा चोरून विकण्यात कोणाला फारसा रस नसतो, आणि ज्या तुकडीकडे तो आहे तिला तो त्याच आठवड्यात हवा असतो.

वेळ कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय वाहतुकीतला नाही. डेन्मार्कने २०२४ मध्ये स्वतःच्या देशात काही विकत घेण्याऐवजी युक्रेनी कारखान्यांनाच पैसे दिले, आणि त्यातून युक्रेनी बनावटीच्या १८ बोहदाना तोफा युक्रेनच्याच सैन्याला मिळाल्या. समुद्र नाही, रूळबदल नाही, परकी कोष्टके नाहीत, आणि दुरुस्ती करणारा ती बनवणाराच. इतर देशांनीही पुढे हा मार्ग धरला. पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेच्या क्षेपणास्त्रांना मात्र तो लागू होत नाही. ती अजून अमेरिकेतूनच यावी लागतात, ऑगस्ट २०२५ पासून युरोपीय देश त्यांचे पैसे भरू लागले आहेत, आणि पैसे भरूनही रांगेतला नंबर पुढे सरकेलच असे नाही, कारण त्याच रांगेत आता पैसे भरणारे देशही उभे आहेत.